सवलत खड्ड्याला की पाण्याला?

मिळकत कराचं बिल आलं की आपण एकूण आकडा बघतो, थोडं चरफडतो आणि भरून मोकळे होतो. पुण्यात राहत असाल तर यंदा सवलतीचा रकानाही बघा. सोलर, रेन वॉटर हार्वेस्टिंग आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर महापालिका सर्वसाधारण करात 5 टक्के सूट देते. दोन किंवा तिन्ही असतील तर 10 टक्के. हेतू चांगलाच आहे. महापालिका प्रत्येकाच्या गच्चीवर आणि आवारात जाऊन काम करू शकत नाही, मग मालकालाच थोडं निमित्त द्यायचं. माझी तक्रार सवलत देण्याबद्दल नाही, ती कशावर मोजतात याबद्दल आहे.

पावसाच्या पाण्याचंच उदाहरण घेऊ. पुण्यात वर्षाला 700 मिलिमीटर पाऊस धरा, गच्ची 500 चौरस मीटर, आणि पडलेल्यापैकी 80 टक्के पाणी पाइपात उतरतं असं समजा. 500 × 0.7 × 0.8 = 280 घनमीटर. म्हणजे 2 लाख 80 हजार लिटर, किंवा 10 हजार लिटरचे 28 टँकर. एका गच्चीतून!

आता पैशांचा हिशोब, आकडे फक्त उदाहरणापुरते. इमारतीत 40 फ्लॅट, प्रत्येकाचा सर्वसाधारण कर 6,000 रुपये. 5 टक्के म्हणजे फ्लॅटमागे 300, एकूण 12,000. तेवढ्याच गच्चीची दुसरी इमारत महागड्या भागात, कर दुप्पट. तिला 24,000. पाणी मात्र दोन्हीकडे सारखंच. तिसऱ्या इमारतीत फिल्टर गाळानं बुजलाय आणि खड्ड्यावर पेव्हर ब्लॉक बसलेत. कोणी तपासायला येईपर्यंत तिचीही सवलत चालूच. महापालिकेनं तपासण्या करून बंद प्रकल्पांच्या सवलती काढल्याही आहेत. पण ती नंतरची पोलिसगिरी झाली. मुळात सवलत करावर मोजली जाते आणि पाणी कुठेच मोजलं जात नाही.

दुसरा प्रश्न आमच्या क्षेत्रात नेहमी विचारला जातो: पैसे दिले नसते तर हे काम झालंच नसतं का? याला ‘अॅडिशनॅलिटी’ म्हणतात. राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला रेन वॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे. दिवसाला 100 किलोहून जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांवर ओला कचरा जिरवायची जबाबदारी 2016 च्या केंद्रीय नियमांनीच टाकली होती. म्हणजे नव्या मोठ्या इमारतीला आपण कायदा पाळल्याचं बक्षीस देतोय. खरी गरज आहे ती जुन्या इमारतींना. तिथे खोदाई, पाइप, फिल्टर हा खर्च आज करायचा आणि परतफेड वर्षाला फ्लॅटमागे 300 रुपये! सर्वसाधारण सभेत हा ठराव कोण मांडणार? त्यात सवलत जाते प्रत्येक फ्लॅटमालकाच्या बिलात आणि फिल्टर साफ करायचं काम पडतं सेक्रेटरीच्या गळ्यात.

तिसरा मुद्दा पुराचा. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्यानं काय केलं ते पुणेकर विसरलेले नाहीत. ‘पाणी जिरवा, पूर टाळा’ हे ऐकायला बरं वाटतं. पण तासाभरात 100 मिलिमीटर पाऊस झाला तर त्याच गच्चीवर 50 घनमीटर पाणी पडतं. दोन मीटर लांब, रुंद आणि खोल असा शोषखड्डा 8 घनमीटरचा. त्यात दगड-वाळू भरल्यावर पाण्याला जागा उरते जेमतेम 3 घनमीटर, आणि खाली बेसॉल्ट असल्यामुळे जिरण्याचा वेगही जागोजागी वेगळा. पूर कमी करायचा तर पाणी काही तास धरून ठेवणारी टाकी लागते. भूजल वाढवायचं तर चांगलं पुनर्भरण लागतं. सवलतीत दोन्हींना एकच रकाना आहे.

वॉशिंग्टन शहरात 2013 पासून वेगळा प्रयोग चालू आहे. तिथे एक गॅलन पाणी एक वर्ष धरून ठेवण्याच्या क्षमतेला एक क्रेडिट मिळतं. ज्या बिल्डरला स्वतःच्या जागेत नियमाइतकं पाणी धरता येत नाही, तो ही क्रेडिट्स विकत घेतो. एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांची क्रेडिट्स मिळतात. पुढची हवी असतील तर देखभाल चालू असल्याचं दाखवावं लागतं. त्यातला बाजार आपल्याला नको असेल तर सोडून देऊ, पण पाणी मोजायचं आणि मुदत घालायची, एवढं तरी उचलता येईल.

‘तपासायला माणसं कुठून आणणार?’ हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच सगळ्यांची तपासणी मी मागत नाही. जुन्या इमारतीला खर्चाचा ठरावीक वाटा सुरुवातीलाच द्या. वार्षिक रक्कम गच्चीच्या क्षेत्रफळावर आणि टाकीच्या किंवा खड्ड्याच्या क्षमतेवर ठरवा आणि सोसायटीच्या खात्यात जमा करा. दर मे महिन्यात सफाईचा फोटो मागा आणि चिठ्ठ्या टाकून काही इमारती प्रत्यक्ष बघा. तपासणी होऊ शकते एवढ्या धाकानंही बरेच फिल्टर साफ होतील.

तोवर आपल्या हातातलं एक काम. पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये विचारा: आपला खड्डा नेमका कुठे आहे आणि तो शेवटचा कधी उघडला होता? सवलत आपण घेतोय, तर उत्तरही आपल्याकडे हवं.