चौकातील पुतळा

राजा पार्क ही जयपुरातील वस्ती फाळणीनंतर पश्चिम पंजाब व सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी नावारूपास आणली. तिला लागूनच तिलकनगर आहे, जवाहरनगरही आहे. थोरांचे स्मरण करण्याचा सर्वांत स्वस्त प्रकार, म्हणजे वस्तीस त्यांचे नाव देणे, येथे असा विपुल आढळतो. तिलकनगरात राहणाऱ्या किती जणांनी गीतारहस्य वाचले असेल, हा प्रश्न मात्र आपण मराठी माणसांनी विचारू नये. पुण्यातही त्याचे उत्तर फारसे निराळे मिळणार नाही.

ह्या वस्तीतून निघून रामबाग सर्कल ओलांडून पश्चिमेस गेले म्हणजे आंबेडकर सर्कल लागते. चौकात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. लगतच राजस्थान उच्च न्यायालयाच्या जयपूर पीठाचे आवार आहे आणि त्या आवारात मनूचा पुतळा आहे. जवळच स्टॅच्यू सर्कलला सवाई जयसिंह संगमरवरात उभे आहेत. पण नगर वसविणाऱ्या राजाचा पुतळा कोणाशी वाद घालीत नाही. उरलेल्या दोहोंविषयी बोलावयास हवे.

मनूचा पुतळा फार जुना असेल असा नवख्या माणसाचा समज होतो. वस्तुतः तो १९८९ साली, म्हणजे राज्यघटना अमलात येऊन एकोणचाळीस वर्षे झाल्यावर, न्यायिक अधिकाऱ्यांच्या संघटनेच्या पुढाकाराने बसविण्यात आला. त्याविरुद्ध ओरड झाली तेव्हा त्याच वर्षीच्या जुलैमध्ये उच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींच्या सभेने तो हलविण्याचा ठराव केला. ठरावाविरुद्ध याचिका दाखल झाली, स्थगिती मिळाली आणि पुतळा जागीच राहिला. २०१८ साली औरंगाबादकडून आलेल्या दोन स्त्रियांनी त्यास काळे फासले. महाराष्ट्रातील माणसाने इतका प्रवास करून मनूस गाठावे, ह्या गोष्टीने आपण इकडे बदलीवर आलेली मंडळी काहीशी ओशाळून जावी. त्या आवारावरून आपण तर रोज जातो.

आता पुतळ्यांविषयी खुद्द बाबासाहेबांचे मत काय होते? १९१६ साली ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत असता सर फिरोजशहा मेहतांच्या स्मारकाची चर्चा मुंबईत चालली होती. पुतळा उभारावयाचा, असे घाटत होते. ह्या पंचविशीच्या विद्यार्थ्याने ‘बॉम्बे क्रॉनिकल’ला पत्र लिहून आग्रह धरला की, पुतळ्याऐवजी मेहतांच्या नावाने सार्वजनिक ग्रंथालय काढावे. मुंबईने ऐकले नाही. महानगरपालिकेच्या इमारतीसमोर मेहतांचा पुतळाच उभा राहिला. पुढे १९४३ साली पुण्यास रानड्यांवरील व्याख्यानात त्यांनी विभूतिपूजेचा समाचार घेतला, आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत राजकारणातील भक्तीचा धोका निःसंदिग्ध शब्दांत सांगितला. अशा पुरुषाचेच पुतळे देशात गावोगाव व्हावेत, ह्यात विसंगती आहे असे म्हणणाऱ्यांचा एक वर्ग आहे. प्रस्तुत लेखकही काही काळ त्याच मताचा होता.

ते मत मला बदलावे लागले ते महाडच्या इतिहासामुळे. मुंबई कायदेमंडळाने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले करण्याचा बोले ह्यांचा ठराव संमत केला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागद झाला, पाणी मात्र मिळाले नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब व त्यांचे सहस्रावधी अनुयायी तळ्यावर जाऊन पाणी प्याले, तेव्हा त्यांनी केले ते इतकेच की, झालेल्या ठरावाची अंमलबजावणी. त्यानंतर सनातन्यांनी तळे शुद्ध करून घेतले, त्याच वर्षीच्या २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले, आणि तळ्याचा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९३७ साली अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. ठरावापासून ह्या निकालापर्यंत चौदा वर्षे गेली! सरकारी कचेरीत वावरणाऱ्या आपल्या वाचकांस हा क्रम परिचयाचा वाटेल.

फिरोजशहांना सार्वजनिक जागी उभे राहण्याचा हक्क कोणी नाकारला नव्हता. म्हणून त्यांच्यासाठी ग्रंथालय हीच योग्य सूचना होती. ज्यांच्या पूर्वजांना तळ्याच्या काठी उभे राहू दिले गेले नाही त्यांनी भर चौकात आपला माणूस उभा करणे ह्याचा अर्थ निराळा आहे, आणि तो सुशिक्षितांच्या सौंदर्यदृष्टीस सहजी दिसत नाही. निळा कोट, हाती ग्रंथ, वर उचललेले बोट: ह्या साच्यातील पुतळ्यांना शिल्प म्हणून फारशी किंमत नसेल. परंतु माणसाने त्यांच्यापाशी जाऊन उभे राहावे, हार घालावा, सभा भरवावी, एवढ्या उंचीचे ते असतात. मुंबईस इंदू मिलच्या जागेवर योजिलेले स्मारक चौथऱ्यासह ४५० फूट उंच व्हावयाचे आहे. त्यात ग्रंथालयाचीही योजना आहे हे चांगलेच. तथापि चर्चा होते ती उंचीचीच. त्याच दादरला शिवाजी पार्कात दर ६ डिसेंबरला पुस्तकांची जी दुकाने लागतात आणि खेड्यापाड्यांतून चैत्यभूमीला आलेली माणसे जी पुस्तके विकत घेऊन परततात, ते १९१६ च्या पत्राशी अधिक इमान राखणारे स्मारक आहे असे मला वाटते.

जयपूरच्या चौकातील पुतळ्याचे मोल तो कोठे आहे ह्यावरून ठरते. हाच पुतळा राजा पार्कच्या एखाद्या बागेत असता तर कोणी त्याच्याकडे वळूनही पाहिले नसते. येथे तो, कचेरीच्या भाषेत ज्यास स्मरणपत्र म्हणतात, तसा उभा आहे. दिल्लीस सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात २६ नोव्हेंबर २०२३ रोजी वकिलाच्या वेषातील बाबासाहेबांचा पुतळा बसविण्यात आला. जयपुरात मनू आवाराच्या आत, घटनेचा शिल्पकार बाहेर रस्त्यावर. काळे फासण्याने हे बदलले नाही, आणि चौकातील पुतळ्याची उंची वाढविल्यानेही बदलणार नाही. १९८९ च्या जुलैतील ठराव न्यायमूर्तींनी स्वतःच केलेला आहे. तो अमलात यावयाचा आहे.