अकरा निकष आणि एक रेघ

वर्गीकरणाचा विषय निघाला की आम्हाला न्यायशास्त्रातली गाय आठवते. गायीचं लक्षण ‘तांबूस रंग’ असं केलं तर पांढऱ्या गायी बाहेर राहतात, ही अव्याप्ती. ‘शिंगं असलेला प्राणी’ म्हटलं तर म्हशीसुद्धा आत येतात, ही अतिव्याप्ती. दारूच्या आणि इतर व्यसनांच्या संख्याशास्त्रीय वर्गीकरणाला आज आपण हीच कसोटी लावून पाहू.

आधी अव्याप्ती. 1946 साली अमेरिकेत जेलिनेक यांनी मद्यासक्तीच्या टप्प्यांवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्नावली अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मुखपत्रातून गेली होती. परत आलेल्या 158 पैकी त्यांनी 98 विश्लेषणासाठी घेतल्या, त्या सगळ्या पुरुषांच्या. स्त्रियांची उत्तरं थोडी होती आणि वेगळी होती, म्हणून बाजूला ठेवली. मर्यादा जेलिनेक यांनी स्वतः नमूद केल्या होत्या, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. पण वेगळी उत्तरं देणाऱ्यांना वगळून जे चित्र उरतं, ते उरलेल्यांचंच असतं. आकडेमोड कितीही चोख असली तरी बाहेर राहिलेली गाय ती आत आणत नाही.

आता अतिव्याप्ती. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या नियमावलीत 1994 साली ‘गैरवापर’ आणि ‘अवलंबित्व’ असे दोन कप्पे होते. मग हजारो लोकांची उत्तरं तपासली गेली: एक निकष लागू असेल तर दुसराही लागू असण्याची शक्यता किती? बहुतेक विश्लेषणांत दिसलं ते असं, की हे दोन कप्पे नाहीतच, एकच उतार आहे. 2013 च्या पाचव्या आवृत्तीत कप्पे मोडले. कायद्याच्या कचाट्यात सापडणे हा निकष गेला, तीव्र ओढ हा आला, आणि एकूण अकरा झाले. दोन-तीन लागू असले तर सौम्य विकार, चार-पाच असले तर मध्यम, सहा किंवा अधिक असले तर तीव्र.

उतार सापडला, हे संख्याशास्त्राचं श्रेय. ते आम्ही मोकळेपणाने देतो. पण उताराला पायरी नसते. मग रेघ दोनवरच का? तर दोनवर ओढली की जुन्या दोन कप्प्यांत मिळून जेवढे लोक बसत होते, साधारण तेवढेच नव्यात बसतात. म्हणजे जे कप्पे चुकीचे म्हणून मोडले, तेच मोजमापाला घेतले! तीव्र ओढीचंही तसंच. तिच्यामुळे आकड्यांत विशेष भर पडत नव्हती, तरी चिकित्सकांना ती महत्त्वाची वाटली म्हणून घेतली. आमच्या मते घेतली ते योग्यच. पण मग ‘हे आम्ही ठरवलं’ असं म्हणावं, ‘आकड्यांनी ठरवलं’ असं नको.

शिवाय साधा हिशेब करून पाहा. एकाला पहिले पाच निकष लागू, दुसऱ्याला पुढचे पाच. दोघांत एकही निकष समान नाही, तरी दोघांवर शिक्का एकच: मध्यम. त्या शिक्क्यावरून दोघांचे उपचार सारखेच ठरवायचे का?

हा शब्दच्छल नाही. आपल्याकडे 2019 मध्ये केंद्र सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल आला. त्यात दारूवर अवलंबून असलेले लोक सुमारे 2.9 कोटी आहेत. हानिकारक पद्धतीने पिणारे धरले की आकडा 5.7 कोटींवर जातो. रेघ जराशी सरकली आणि जवळजवळ तितकीच माणसं आत आली. खाटा किती, डॉक्टर किती, पैसा किती, हे सगळं त्या रेघेवर ठरणार. आणि रेघेच्या बाहेर राहिलेल्याच्या घरी रात्री काय चालतं, ते त्या घरालाच माहीत.

म्हणून आपण संख्याशास्त्राला एवढंच म्हणू: उतार तू दाखव, रेघ आम्ही ओढू. आणि ती आमची आहे हे लिहून, खाली सहीही आम्हीच करू.