'कन्यादान' आणि माहेरचा दरवाजा

विजय तेंडुलकरांचे 'कन्यादान' हे नाटक १९८३ साली रंगभूमीवर आले आणि दहा वर्षांनी, १९९३ साली, त्यास सरस्वती सन्मान लाभला. त्यावर आजवर जी चर्चा झाली ती बहुतांशी एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली : दलित तरुणाचे चित्र रंगवताना नाटककाराने न्याय केला की अन्याय? प्रश्न महत्त्वाचा आहे आणि त्याकडे आम्ही पुढे वळणार आहोत. परंतु त्या वादाच्या धुरळ्यात नाटकाच्या मध्यभागी उभी असलेली स्त्री काहीशी दिसेनाशी झाली. ज्योती मार खाते, माहेरी येते आणि परत जाते. तिच्या या जाण्यायेण्याचा विचार आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांनी करावा, या हेतूने आम्ही हे नाटक पुन्हा वाचावयास घेतले आहे.

नाथ देवळालीकर हे ध्येयवादी समाजवादी कार्यकर्ते. त्यांची पत्नी सेवा हीदेखील सामाजिक कार्यात रमलेली. त्यांची मुलगी ज्योती अरुण आठवले या दलित कवीशी विवाह करण्याचा निर्णय घरी सांगते, तेव्हा नाथांना आपले आयुष्यभराचे तत्त्वज्ञान घरात अवतरल्यासारखे वाटते. आई आणि भाऊ जयप्रकाश यांना शंका आहेत. नाथांना मात्र शंका ऐकावयाची नाही.

नाटकाच्या रचनेतील एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. ज्योतीचा संसार आपणांस रंगमंचावर दिसत नाही. आपणांस दिसते ते तिच्या आईवडिलांचे घर. मारहाण पडद्याआड घडते आणि तिची वार्ता या घरात येऊन पोहोचते. अशा रीतीने नाटककार प्रेक्षकास मार देणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या जागी न बसवता ऐकणाऱ्याच्या जागी बसवतो. लेकीने हे सांगितले, आता तुम्ही काय करणार? नाटकाचा खरा प्रश्न हाच आहे, आणि तो मुलीच्या आईबापांइतकाच शेजाऱ्यांना, धर्मगुरूंना व धर्मभगिनींनाही लागू पडतो.

ज्योती घर सोडून माहेरी येते तो प्रवेश या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. तिच्या पाठोपाठ अरुण मद्याच्या नशेत येतो, क्षमा मागतो, ज्या हातांनी मारले ते हात तोडून टाकण्याची भाषा करतो. ज्योती त्याच्याबरोबर निघून जाते. हा पश्चात्ताप खोटाच आहे असे तेंडुलकर सुचवीत नाहीत. त्या क्षणी तो कदाचित खराही असेल. परंतु आपल्या ख्रिस्तसभेने प्रायश्चित्त संस्काराविषयी जे शिकवले आहे ते येथे आठवावे. अश्रू हा पश्चात्तापाचा आरंभ असतो. त्यानंतर पुन्हा तसे न वागण्याचा निर्धार आणि झालेल्या हानीची भरपाई यावी लागते. अरुणच्या क्षमायाचनेत हे दोन्ही नाहीत. पुढे गरोदर ज्योतीस रुग्णालयात जावे लागते, हा त्या अपुऱ्या पश्चात्तापाचा हिशेब आहे.

नाथांचे पात्र हे या नाटकाचे सर्वात मोठे यश, असे आमचे मत आहे. ते दुष्ट नाहीत. मुलीवर त्यांचे अपार प्रेम आहे. तरीही हा विवाह मोडता कामा नये असा त्यांचा आग्रह आहे, कारण तो मोडला तर त्यांचा आदर्श मोडेल. अखेरीस मुलीचे हाल वाढू नयेत म्हणून अरुणच्या आत्मचरित्रावर त्यांना खोटे स्तुतिपर भाषण करावे लागते. ज्योती त्यांना या ढोंगाचा जाब विचारते आणि जन्मभर दिलेल्या शिकवणुकीचे माप त्यांच्या पदरात घालून निघून जाते.

आपल्याकडे आदर्श निराळा आहे, पण त्याचा उपयोग पुष्कळदा असाच होतो. विवाह हा संस्कार आहे, तो अतूट आहे, हा आपला क्रूस आहे : ही वाक्ये सांगून मुलींना परत धाडले जाते. संत पौलाच्या इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातील पत्नीने अधीन राहावे हा भाग ऐकवला जातो; पतीने ख्रिस्ताप्रमाणे स्वतःस अर्पण करावे, हा लगेच पुढे येणारा भाग राहून जातो. म्हणून ख्रिस्तसभेची शिकवण नीट सांगणे आवश्यक आहे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ११५३ वे कलम असे सांगते की, जोडीदारामुळे पती, पत्नी किंवा मुले यांच्या शरीरास वा आत्म्यास गंभीर धोका असेल तर विभक्त राहण्यास ते योग्य कारण आहे. विलंबात धोका असल्यास बिशपांच्या निर्णयाची वाट न पाहताही विभक्त होता येते. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ सालच्या 'आमोरिस लेतित्सिया' या प्रबोधपत्रात विभक्त होणे हा शेवटचा उपाय मानूनही, हिंसेपासून दुर्बल जोडीदाराचे व लहान मुलांचे रक्षण करण्यासाठी ते कधी कधी नैतिकदृष्ट्या आवश्यक ठरते, असे स्पष्ट म्हटले आहे. केवळ विभक्त राहिल्याने कुणाचीही पवित्र कम्युनियनची वाट बंद होत नाही. या भीतीने घरात मार सोसणाऱ्या भगिनींना हे कुणीतरी सांगावयास हवे.

आता नाटकाच्या उणिवांकडे वळू. पहिली उणीव अशी की, अरुणच्या क्रौर्याचे मूळ त्याच्या जातीच्या दुःखात शोधण्याकडे नाटकाचा कल जातो. त्यामुळे उच्चवर्णीय, सुशिक्षित, नित्यनेमाने प्रार्थना करणारा प्रेक्षक 'हे आमच्यात नाही' असे म्हणून सुटू शकतो. वस्तुस्थिती त्यास सुटू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून हिंसा अनुभवली होती. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या मात्र केवळ १४ टक्क्यांच्या आसपास होत्या.

दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. ज्योतीपुढे माहेर आणि सासर ही दोनच दारे आहेत. तिसरे दार नाटककारास दिसत नाही. वास्तविक त्याच १९८३ साली पतीच्या क्रौर्यास फौजदारी गुन्हा ठरवणारे ४९८-अ कलम दंड संहितेत आले. १९८४ साली मुंबई पोलिसांच्या सहकार्याने टाटा समाजविज्ञान संस्थेने स्त्रिया व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. आणि त्याच वर्षी फ्लेव्हिया अॅग्नेस यांचे 'माय स्टोरी... अवर स्टोरी ऑफ रीबिल्डिंग ब्रोकन लाइव्ज' हे आत्मकथन प्रसिद्ध झाले. मंगळूरकडे वाढलेल्या, हिंसक विवाहातून बाहेर पडलेल्या या ख्रिस्ती स्त्रीने पुढे वकिली पत्करली आणि 'मजलिस' संस्थेद्वारे असंख्य स्त्रियांना न्यायालयात आधार दिला. 'माझी'पासून 'आमची'पर्यंतचा प्रवास त्या ग्रंथाच्या नावातच आहे. ज्योती एकटी राहते, हा तिचा आणि नाटकाचा शेवट. त्या आत्मकथनात एकटेपण संपते तेथून पुढची वाट सुरू होते.

त्या काळी ख्रिस्ती स्त्रीची वाट अधिकच बिकट होती. १८६९ च्या कायद्यान्वये केवळ क्रौर्याच्या कारणावरून तिला घटस्फोट मिळत नसे; १९९७ साली मुंबई उच्च न्यायालयाने हा भेदभाव अवैध ठरवला आणि २००१ च्या दुरुस्तीने कायदाच बदलला. ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने, विवाह न मोडताही, संरक्षणाचा, राहत्या घरात राहण्याचा, खर्चाचा व मुलांच्या ताब्याचा आदेश मागता येतो. शेजाऱ्यानेही संरक्षण अधिकाऱ्यास सद्भावनेने माहिती दिली तर त्याच्यावर दायित्व येत नाही. ४९८-अ ची जागा जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांनी घेतली आहे. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळते. १८१ ही महिला साहाय्य दूरध्वनी सेवा आहे, तातडीच्या प्रसंगी ११२ क्रमांक आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली सुरू झालेल्या 'दिलासा' केंद्राने, जखमेवर मलमपट्टी करणाऱ्या डॉक्टरांनी व परिचारिकांनीच ती कशी झाली हे विचारावे, असा पायंडा पाडला.

धर्मग्रामांनीही असेच विचारावयास हवे. विवाहपूर्व शिबिरात हा विषय उघडपणे यावा. पापनिवेदनात ऐकलेले धर्मगुरूंना बाहेर वापरता येत नाही. तेव्हा अशा भगिनीस कार्यालयात पुन्हा बोलण्यास सुचवले जावे, म्हणजे पुढची मदत शक्य होईल. मारणाऱ्यास व मार खाणारीस समोरासमोर बसवून समेट घडवण्याची घाई करू नये, कारण त्याच्या देखत ती खरे बोलू शकत नाही.

'कन्यादान' आपणांस उत्तर देत नाही, आणि त्यासाठी आम्ही नाटककारास दोष देणार नाही. ज्योती निघून जाते तेव्हा नाथांच्या हाती काही उरत नाही. ऐकण्याची वेळ त्यांनी घालवलेली असते. आपल्या घरांत ती वेळ बहुधा अजून गेलेली नाही. लेक बोलू लागली की तिचे म्हणणे संपेपर्यंत ऐकावे आणि 'तू परत कधी जाणार?' हा प्रश्न तरी प्रथम विचारू नये.