टाउन हॉलचा तळमजला

एशियाटिकच्या पायऱ्यांबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलंय. माझ्या वाचनात आलेले बहुतेक लेख पायऱ्या चढून वर जातात आणि वरच रमतात. डोरिक खांब, ग्रंथालयातली शांतता, दान्तेच्या महाकाव्याचं जुनं हस्तलिखित. या कौतुकाला माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्याच्या अपुरेपणाला. मुंबईचा टाउन हॉल हा एक ग्रंथ मानला, तर आपण त्याचा वरचा मजला तेवढा वाचतो.

खाली मुद्रांक कार्यालय आहे. वर विद्या, खाली वसुली. ही अलीकडची विसंगती नव्हे. लिटररी सोसायटीचे सर जेम्स मॅकिंटॉश यांनी 1811 मध्ये या इमारतीची कल्पना मांडली. पैशासाठी सोडत काढली, ती पुरली नाही, काम रखडत गेलं. अखेर कंपनीच्या मुंबई सरकारनं उरलेला खर्च उचलला, पण बदल्यात कचेऱ्यांना जागा मागून. 1833 मध्ये इमारत पुरी झाली. म्हणजे कचेरी इथं मागाहून घुसली नाही. तिच्याच जोरावर हे विद्यामंदिर उभं राहिलं.

त्या बावीस वर्षांत कंपनीची तिजोरी कशी बदलली, हे त्या लेखांमध्ये सहसा येत नाही. मी करकंबचा, त्यामुळे मला ते टाळता येत नाही. आमच्याच तालुक्याच्या गावी, पंढरपुरात, जुलै 1815 मध्ये गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा खून झाला. गायकवाड-पेशव्यांच्या देण्याघेण्याचा हिशेब मिटवायला ते कंपनीच्या हमीवर आले होते. पुण्याचा रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं त्रिंबकजी डेंगळ्यांना ताब्यात मागितलं. तेढ वाढत गेली, 1817 चा पुणे तह झाला, मग लढाई. फेब्रुवारी 1818 मध्ये मोहोळ तालुक्यातल्या आष्टीला बापू गोखले पडले, मे महिन्यात सोलापूरचा किल्ला गेला. पेशव्यांच्या मुलखाचा महसूल कंपनीकडे वळला. त्यातला कुठला रुपया कुठल्या खांबात गेला, असा हिशेब मी मांडणार नाही. पण तिजोरी एकच होती.

तोच एल्फिन्स्टन टाउन हॉलमध्ये चँट्रीनं घडवलेल्या संगमरवरात उभा आहे. इतिहासकार, शिक्षणाचा पुरस्कर्ता. हे खरंच आहे. पण पुतळ्यात मुत्सद्दी दिसत नाही, आणि आपले लेखही त्याला शोधत नाहीत. त्याच दालनांत भरणाऱ्या सोसायटीनं पहिली साडेतीन दशकं एकाही भारतीयाला सभासद करून घेतलं नव्हतं, ही ओळही बहुधा गळते.

मग ग्रंथालयाकडे पाठ फिरवायची का? अजिबात नाही. म. म. पां. वा. काणे यांच्यासारख्यांनी ही संस्था आपली केली, ती तिचा उगम विसरून नव्हे, तिथल्या ग्रंथांना कामाला लावून. समीक्षेनंही तेवढं तरी करावं.

1 नोव्हेंबर 1858 रोजी याच पायऱ्यांवरून राणीचा जाहीरनामा वाचला गेला. कंपनीचं राज्य संपलं, कचेरी मात्र राहिली. टाउन हॉलवर पुढचा लेख लिहिणाऱ्यानं पायऱ्या जरूर चढाव्यात, पण आधी मुद्रांकाच्या खिडकीशी थोडा वेळ उभं राहावं.