नमुना घेतला केव्हा?

गेल्या मे महिन्यात बेसा येथे विज्ञानशिक्षकांच्या एका छोट्या बैठकीत आम्ही एक खोडी केली. सकाळी आणलेले गाईचे दूध शीतकपाटात ठेवले, म्हशीचे खिडकीत. नागपूरचे ऊन ते. दुपारपर्यंत व्हायचे ते झाले. मग दोन्ही दुधांत बुडवलेले निळे लिटमस कागद तेवढे सर्वांपुढे ठेवले. एक लाल झालेला, एक जवळजवळ तसाच. 'म्हशीचे दूध गाईच्या दुधापेक्षा अधिक आम्लधर्मी असते' असा निष्कर्ष वहीत उतरलाही. दूध कुठे ठेवले होते, हे एकाही सरांनी वा बाईंनी विचारले नाही.

यात हसण्यासारखे काही नाही. याच जातीची चूक नामवंत प्रयोगशाळांत झाली आहे, आणि तीही अंडाशयाच्या कर्करोगासारख्या जिवावरच्या विषयात.

हा रोग फार उशिरा कळतो. अंडाशय खोल ओटीपोटात. पोट फुगणे, भूक मंदावणे ही लक्षणे कोणत्याही बाईने अंगावर काढावी अशी. म्हणून रक्तात त्याची खूण सांगणारा रेणू, म्हणजे जैवदर्शक, सापडावा ही धडपड. १९८१ साली अमेरिकेत रॉबर्ट बास्ट यांच्या गटाने तयार केलेल्या प्रतिपिंडामुळे सीए-१२५ हा रेणू हाती आला. तो आजही वापरात आहे. पण तो मासिक पाळीत वाढतो, एंडोमेट्रिऑसिसमध्ये वाढतो आणि पोटाच्या क्षयातही वाढतो. पोटाच्या क्षयात जलोदरही होतो, त्यामुळे आपल्याकडे ही गफलत पुस्तकी राहत नाही.

२००२ साली 'लॅन्सेट'मध्ये पेट्रिकॉइन, लिओटा आणि सहकाऱ्यांचा एक निबंध आला. एकेक रेणू न शोधता सीरममधील प्रथिनांचा सगळा आकृतिबंधच संगणकाने ओळखायचा, ही कल्पना. चाचणीत ५० पैकी ५० कर्करोगी नमुने ओळखले गेले आणि कर्करोग नसलेल्या ६६ पैकी ६३. निबंधाने सांगितले की, चाचणी 'आहे' म्हणाली तर ते ९४ टक्के खरे. हे गणित फळ्यावर मांडून पाहावे. ५३ जणींना 'आहे' सांगितले, त्यांतल्या ५० खऱ्या. ९४ टक्के बरोबर. पण गावात निम्म्या बायकांना कर्करोग नसतो! पन्नाशीपुढच्या सुमारे २५०० स्त्रियांत एकीला हा रोग असतो असे धरले, तर ६६ मागे ३ या हिशेबाने निरोगी असूनही 'आहे' ठरणाऱ्या सुमारे ११४ निघतील. खरी एक, खोट्या ११४. आमच्या मते निबंधाचा हा दोष आठवीचा विद्यार्थीही दाखवू शकतो.

दुसरा दोष अधिक खोल. २००४ साली बॅगर्ली, मॉरिस आणि कूम्ब्ज या संख्याशास्त्रज्ञांनी या गटाने खुली केलेली आकडेवारी पुन्हा तपासली. प्रथिनांऐवजी यंत्राचा गोंगाटच जिथे असतो, त्या भागातही दोन गट वेगळे दिसत होते. फरक रोगाचा नसून नमुने हाताळण्याचा वा यंत्रात घालण्याचा असावा, ही शंका मग टाळता येईना. आमचेच दूध!

आणखी एक उदाहरण आम्हांला जास्त बोलके वाटते. २००८ च्या जूनमध्ये 'ओव्हाशुअर' ही चाचणी अमेरिकेत विक्रीस आली आणि नियामकांच्या आक्षेपानंतर ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावी लागली. तिच्या सहा रेणूंत एक होते प्रोलॅक्टिन. हे संप्रेरक ताणाने आणि भुलीनेही वाढते. रुग्णाचे रक्त शस्त्रक्रियेच्या मेजावर, भूल दिल्यावर घेतले आणि निरोगी स्त्रीचे सकाळी निवांत बाह्यरुग्ण विभागात, तर दोहोंतला फरक कर्करोगाचा की भुलीचा? भूल दिलेल्या स्त्रियांत, कर्करोग असो वा नसो, प्रोलॅक्टिन चढलेले असते हे २००७ सालीच अमेरिकी संशोधकांनी दाखवले होते.

यात जाते काय, असे कुणी म्हणेल. अमेरिकेच्या पीएलसीओ पाहणीत ७८ हजारांवर स्त्रिया होत्या. सीए-१२५ आणि सोनोग्राफीने ३२८५ जणींना खोटा इशारा मिळाला. त्यांतल्या १०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना गंभीर गुंतागुंत सोसावी लागली. मृत्यू कमी झाले नाहीत. मात्र याच पाहणीत, निदानाच्या आधीच, सगळ्यांचे रक्त एकाच पद्धतीने घेऊन गोठवून ठेवले होते. कुणाला रोग होणार हे नमुना घेणाऱ्याला ठाऊकच नव्हते. या नमुन्यांवर २०११ साली नवे जैवदर्शक तपासले, तेव्हा जुने सीए-१२५ च सर्वांत पुढे राहिले. गाजलेल्या रेणूंची चमक उतरली, पण आमच्या दृष्टीने हा विज्ञानाचा चांगला दिवस होता.

सगळेच संशोधन शेकडो नमुने मागते असे नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात शर्मिला बापट आणि सहकाऱ्यांनी एकाच रुग्णाच्या जलोदराच्या पाण्यातून पेशी वाढवल्या आणि २००५ साली अंडाशयाच्या कर्करोगातील मूलपेशींविषयीचे महत्त्वाचे काम प्रसिद्ध केले. हे पाणी एरवी रुग्णाला आराम पडावा म्हणून काढतात आणि टाकून देतात. तिथे प्रश्न होता पेशी काय करते, हा. जैवदर्शकाचा प्रश्न 'कोणाला रोग आहे' असा असतो, आणि त्याला एक रुग्ण पुरत नाही.

बेसाहून जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था दूर नाही. समजा, उद्या इथे असे नमुने गोळा करायचे ठरले. न फिरवलेल्या रक्तात पेशी साखर खात राहतात, दर तासाला पाच-सात टक्के. मेच्या दुपारी स्कूटरच्या डिकीतून आलेली नळी आणि रुग्णालयात लगेच सेंट्रिफ्यूज करून उणे ८० अंशांत ठेवलेली नळी एका रांगेत लावता येणार नाही. नळीवर नाव-वय असते तशी रक्त घेतल्याची आणि गोठवल्याची वेळही हवी. तुलनेच्या गटात पोटाच्या क्षयाच्या बायकाही हव्यात. केवळ धडधाकट परिचारिकांचे रक्त सोपे म्हणून घेऊ नये.

आणि संमती? शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री, घाबरलेल्या बाईपुढे इंग्रजी कागद धरून घेतलेल्या सहीला आम्ही संमती म्हणणार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांनुसार तिला समजेल अशा भाषेत सांगायला हवे. नाही म्हटले तरी उपचारांत फरक पडणार नाही, हेही. बैठकीत एका बाईंनी विचारले, 'पण तिच्या रक्तात पुढे काही सापडलं, तर तिला कळवणार कोण?' तो रकाना आम्ही पाहिलेल्या संमतिपत्रावर नव्हता.