बाहुलीचा भोवरा
अमेरिकन गर्ल कंपनीने २००९ साली काढलेली रिबेका रुबिन ही बाहुली म्हणजे १९१४ च्या न्यूयॉर्कमधील, रशियातून आलेल्या यहुदी कुटुंबातील मुलगी होय. तिच्या हनुक्का सणाच्या चिमुकल्या साहित्याची परीक्षा कौशल्यावर नव्हे, चिन्हांवर व्हावी. दीपाधार कितीही लहान असो, ज्योती नऊच हव्यात : आठ दिवसांच्या आठ व त्या पेटविणारी एक. सात झाल्या की तो जेरुसलेमच्या मंदिरातला ठरतो. ड्रेडल या चौबाजू भोवऱ्यावरील नून, गिमेल, हे, शिन ही अक्षरे ‘तेथे मोठा चमत्कार घडला’ या हिब्रू वाक्याची आद्याक्षरे मानतात. वस्तुतः ती यिद्दिश भाषेतील डावाच्या खुणा, भाविक अर्थ मागाहून जडला. इस्रायलमध्ये ‘तेथे’चे ‘येथे’ होऊन शिनऐवजी पे येतो. यिद्दिशभाषी घरातल्या रिबेकाच्या हाती तसा भोवरा देणे हा कालविपर्यासच. ते राष्ट्र १९४८ चे.