आदामाचे पतन आणि मराठीतील 'पतित'

ख्रिस्ती धर्मग्रंथाच्या आरंभी मनुष्याच्या उत्पत्तीची व पतनाची जी कथा आहे, ती मराठी वाचकांस अपरिचित नाही. परंतु हा परिचय बहुधा ऐकीव असतो. एक बाग, एक स्त्री, एक सर्प व एक सफरचंद एवढे साहित्य प्रत्येकाच्या ध्यानात असते, आणि त्यातले सफरचंद तर मूळ कथेत नाहीच. तेथे फळाचे नाव दिलेले नाही. सफरचंद पुढे युरोपातील चित्रकारांनी रूढ केले. सर्पासही तेथे कोणी सैतान म्हटलेले नाही. इतर प्राण्यांहून धूर्त असा तो एक प्राणी, इतकेच. सारी कथा दोन-तीन पानांत आटोपते. ती सावकाश वाचली असता, आमच्याकडील सुशिक्षितांनी तिजवर घेतलेले आक्षेप कोठे लागू पडतात व कोठे पडत नाहीत, ते आपोआप दिसू लागते.

पहिला आक्षेप ज्ञानाचा. ज्ञानाने मनुष्य तरतो असे पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलेल्या वाचकास, ज्ञानाचे फळ खाल्ल्याने मनुष्य बुडाला ही गोष्ट विपरीत वाटते. परंतु फळ खाण्यापूर्वीच सर्व पशुपक्ष्यांना नावे ठेवण्याचे काम देवाने आदामाकडे सोपविलेले आहे, आणि नाव ठेवणे हे ज्ञानाचेच काम होय. तेव्हा जाणण्यास बंदी नव्हती. सर्पाने दाखविलेला लोभही जाणण्याचा नसून देवासारखे होण्याचा आहे. बरे कोणते व वाईट कोणते हे आपणच ठरवावे, वर कोणी नसावे, ही जी हाव तिलाच आमचे संत 'मीपण' म्हणतात. इतके मान्य करूनही एक खडा दाताखाली येतोच. मनुष्याने जीवनाच्या वृक्षाचेही फळ खाऊन अमर होऊ नये म्हणून त्यास बागेबाहेर घालविले, असे कथा स्पष्ट सांगते. यात देवाच्या ठिकाणी मत्सराची छटा दिसते, आणि ती पुसून टाकण्याचे टीकाकारांचे प्रयत्न आम्हांस तरी पटलेले नाहीत.

ही कथा मराठी ओवीत आणण्याचा मान एका इंग्रजाकडे जातो. थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यास आला आणि १६१६ साली त्याचे 'क्रिस्तपुराण' रायतूर येथे रोमन लिपीत छापून निघाले. त्यात सुमारे अकरा हजार ओव्या आहेत. त्याची भाषा पाहून चकित होण्याची आमच्याकडे प्रथाच आहे, व ती रास्तही आहे. परंतु या स्तुतीच्या भरात त्याच्या कथनाची परीक्षा राहून जाते. ओवी हा विस्ताराचा छंद आहे. श्रोते प्रश्न विचारतात, पुराणिक उत्तर देतो आणि ज्या जागी मूळ कथा मौन धरते तेथे पुराण बोलू लागते. स्वर्गास 'वैकुंठ' म्हटले की त्या शब्दामागून आमचे सारे वैकुंठही आत येते. हे आम्ही दोष म्हणून सांगत नाही, भाषांतरास ते अपरिहार्यच आहे. मोठी हानी निराळी आहे. चर्चच्या परंपरेस अनुसरून स्टीफन्स आधी देवदूतांच्या बंडाची व पतनाची हकीकत सांगतो, मग मनुष्याकडे वळतो. त्यामुळे सर्प बागेत येतो तोच ठरलेला खलनायक होऊन. श्रोत्याचे लक्ष त्या वैऱ्यावर खिळते आणि दोन माणसांच्या मनात काय घडले, ही खरी गोष्ट मागे पडते.

ती खरी गोष्ट फळ खाल्ल्यानंतरची आहे. दोघे झाडांत लपतात. देव आदामास तू कोठे आहेस असे विचारतो. पुढे ते फळ खाल्लेस काय, असे विचारतो. यावर आदाम सरळ 'होय' म्हणत नाही. तू दिलेल्या स्त्रीने मला दिले, असे तो म्हणतो, म्हणजे एका वाक्यात बायको आणि देव या दोघांवरही दोष ढकलतो. स्त्री सर्पाकडे बोट दाखविते. सर्पास कोणी विचारीतच नाही! आमच्या मते पतन फळाच्या घासात जितके आहे त्याहून अधिक या उत्तरांत आहे.

स्टीफन्सचे पुराण छापले गेले त्या वर्षी जालना जिल्ह्यातील जांब गावी जन्मलेले समर्थ रामदास आठ वर्षांचे होते. दोघांची गाठ पडण्याचा संभव नव्हता. छंद मात्र दोघांचा एकच. दासबोधाच्या पाचव्या दशकात बद्ध, मुमुक्षु, साधक व सिद्ध यांची लक्षणे आहेत. त्यांतील मुमुक्षूचे प्रकरण आदामाच्या कथेशेजारी ठेवून वाचावे. मुमुक्षु प्रथम काय करतो? तो आपलेच दोष मोजू लागतो. कुळास, संगतीस किंवा काळास बोल लावीत बसत नाही. आदाम जेथे अडखळला तेथूनच समर्थांचा मुमुक्षु चालू लागतो. दोन धर्मांतील तत्त्वज्ञान निराळे असून येथे अनुभव एकच आहे, असे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. एका पुरुषाचा अपराध सर्व मानवजातीने जन्मतःच का वाहावा? आमचा कर्मसिद्धांत ज्याचे खाते त्याच्या नावे मांडतो. वास्तविक जन्मजात पापाचा हा सिद्धांत कथेत शब्दाने कोठेच नाही. यहुदी लोक हीच कथा वाचतात व तो मानीत नाहीत. त्यास शास्त्राचे रूप आले ते मुख्यत्वे चौथ्या-पाचव्या शतकांतील ऑगस्टिनच्या लेखनाने. तथापि जन्माने पतित ठरविणे अन्यायाचे, असे म्हणताना आपण कोणत्या भूमीवर उभे आहोत हेही पाहिले पाहिजे.

'पतित' हा शब्द आमच्याकडे दोन घरी नांदला. भजनात तो नम्रतेचा शब्द होता. 'पतितपावन' म्हणताना ब्राह्मणही स्वतःस पतित म्हणवून घेई. धर्मशास्त्रात मात्र तो बहिष्काराचा शब्द होता. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा लहान भाऊ श्रीपत त्याच्यापाशी मिशनऱ्यांच्या घरी राहिला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत जाऊन मुलगा वडिलांच्या हवाली झाला. आता प्रश्न उठला की, ख्रिस्ती घरात अन्नोदक घेतलेला हा मुलगा पतित की नाही? प्रायश्चित्त देऊन त्यास जातीत घ्यावे असा पक्ष बाळशास्त्री जांभेकरांनी धरला आणि सनातन्यांचा रोष ओढवून घेतला. पतन येथेही खाण्याने झाले होते, हे साम्य विलक्षण आहे. फरक एवढाच की, एदेन बागेत फळाविषयी विचारण्याआधी मनुष्य कोठे आहे हे विचारले गेले; मुंबईच्या त्या वादात काय खाल्ले व कोणाच्या घरी, यापुढे प्रश्न जाईना.

हेच नारायण शेषाद्री पुढे जालन्यास येऊन राहिले. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते व तेथे फौजेची छावणी होती. निजाम सरकारकडून जमीन मिळवून त्यांनी शहराजवळ 'बेथेल' नावाचे गाव वसविले. हिब्रू भाषेत त्याचा अर्थ देवाचे घर. तेथे येऊन राहिलेल्यांत मांग समाजातील कुटुंबे पुष्कळ होती. कथेचा अर्थ ती कोणाच्या कानी पडते यावरही ठरतो. मनुष्यमात्र पतित आहे हे वाक्य पुण्यातील शास्त्र्यास अपमानकारक वाटेल. परंतु आपण तेवढे जन्माने पतित, असेच ज्यास वेशीबाहेर ऐकविले गेले त्यास 'मनुष्यमात्र' या शब्दात एक अनपेक्षित समता सापडते. शिवाय त्या कथेत कोणी मुखातून व कोणी पायातून जन्मास येत नाही. सर्व एकाच मातीचे. हिब्रू भाषेत 'आदाम' व 'अदामा' म्हणजे भूमी, हे शब्दही एकमेकांचे सोयरेच.

ख्रिस्ती समाजाने ही समता नेहमी पाळली असे मात्र नव्हे. गोव्यातील चर्चच्या बंधुसंघांतून जातिभेद जसाच्या तसा राहिला होता. आणि चव्हाट्यावर उभा राहून समोरच्या जमावास 'तुम्ही पतित आहां' असे बजावणारा उपदेशक आदामाच्याच चुकीची पुनरावृत्ती करीत असतो. त्याचेही बोट दुसऱ्याकडेच असते.

कथेच्या शेवटाजवळ एक वाक्य आहे. दोघांनी लाजेने अंजिराची पाने शिवून नेसली होती. शिक्षा सांगून झाल्यावर, बाहेर घालविण्यापूर्वी, देव त्या दोघांसाठी चामड्याची वस्त्रे करतो व त्यांस ती नेसवितो. ज्या देशात चामड्यास हात लावणारा माणूस पिढ्यान्‌पिढ्या अस्पृश्य मानला गेला, त्या देशात हे वाक्य वाचताना थबकावयास हवे होते. क्रिस्तपुराणाच्या भाषेवर आमच्याकडे पुष्कळ लिहिले गेले. परंतु या वाक्यापाशी थांबलेला मराठी टीकाकार आमच्या तरी पाहण्यात नाही.